घराची आणेवारी : पनवेल भागातील शेतकरी घराने आपल्या पायावर कितपत उभे राहावे

शेताचे पीक किती आले हे ठरविण्याची एक रीत महसूल खात्यात फार दिवसांपासून चालत आलेली आहे. पूर्ण पीक ते सोळा आणे धरावयाचे आणि शिवारातील निवडक जागी कापणी करून प्रत्यक्ष पीक किती आणे उतरले ते ठरवावयाचे. या रीतीस आणेवारी म्हणत. 1957 साली दशमान नाणी सुरू होऊन आणा व्यवहारातून गेला, तेव्हापासून कागदोपत्री पैसेवारी हा शब्द रूढ झाला. तथापि म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आणेवारीच राहिली आहे. पैसेवारी पन्नास पैशांच्या आत आली म्हणजे गावात टंचाईची स्थिती आहे असे समजून सवलतींचा विचार होतो. प्रस्तुत लेखकाची नोकरी याच कागदांत गेली असल्यामुळे त्याच्या मनात वारंवार असा प्रश्न येई की, शेताची आणेवारी सरकार काढते, परंतु घराची आणेवारी कोण काढणार? म्हणजे असे की, एखाद्या शेतकरी कुटुंबास वर्षभर जे लागते त्यांपैकी किती आणे त्याच्या स्वतःच्या जमिनीतून, गोठ्यातून व छपरावरून निघते, आणि किती आणे त्यास पैसे मोजून बाहेरून आणावे लागते? हा हिशेब ज्याने त्याने आपल्या घरी कसा करावा व त्यावरून पुढे काय करावे, हे सांगण्याचा या लेखाचा हेतू आहे.

हा विचार आजच करण्याचे कारण

पनवेल तालुक्यातील वाचकांस हे कारण फोडून सांगण्याची जरुरी नाही. 1970 साली सिडको स्थापन झाली आणि पनवेल, उरण व ठाणे या तालुक्यांतील 95 गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादनात आल्या. योग्य मोबदल्यासाठी 1984 च्या जानेवारीत जासईस जे आंदोलन झाले त्यात पाच जणांनी प्राण गमावले, आणि पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. 2013 पासून नैना क्षेत्राची आखणी झाली, 2016 साली पनवेलची महानगरपालिका झाली आणि 2025 साली विमानतळही सुरू झाला. अशा स्थितीत ज्या घरांकडे अजून वीस, तीस, चाळीस गुंठे उरले आहेत, त्यांच्या दारी रोज कोणी ना कोणी भाव घेऊन येतो.

जमीन विकावी की राखावी हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे. परंतु तो सोडविताना एक बाब हिशेबात धरलीच पाहिजे, ती अशी की, जमीन गेली म्हणजे केवळ भात जात नाही. पेंढा जातो, पेंढ्याबरोबर गुरे जातात, गुरांबरोबर शेण, शेणाबरोबर खत व जळण जाते. परसू जाते, विहीर जाते. नंतर पाणी टँकरचे, गॅस टाकीचा, भाजी बाजाराची आणि तांदूळ दुकानाचा. आलेल्या रकमेचे व्याज एवढ्या सर्वांस पुरेल काय, हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने प्रथम घराची आणेवारी काढावी.

आणेवारी काढण्याची रीत

घराच्या गरजांची आठ सदरे धरावीत : 1. धान्य, 2. पाणी, 3. जळण, 4. उजेड, 5. भाजीपाला व कडधान्य, 6. तेल, 7. खत, 8. बियाणे. प्रत्येक सदरास दोन आणे. जे सदर वर्षभर घरचे पुरते त्यास पूर्ण दोन आणे, जे सहा महिने पुरते त्यास एक आणा, जे मुळीच घरचे नाही त्यास शून्य. बेरीज सोळा आली तर घर पूर्ण स्वयंपूर्ण, आठांच्या आत आली तर घर टंचाईत आहे असे समजावे, मग बँकेत शिल्लक कितीही असो.

उदाहरणादाखल एक घर कल्पनेने घेऊ. पाच माणसे, तीस गुंठे भातशेती, घराभोवती दोन गुंठे परसू, गोठ्यात दोन जनावरे आणि वर पाचशे चौरस फुटांचे छप्पर. आज या घरात धान्य पुरते, म्हणून दोन आणे. पाणी पावसाळ्यात व हिवाळ्यात मिळते, उन्हाळ्यात विकत घ्यावे लागते, म्हणून एक आणा. भाजी व खत यांस अर्धा-अर्धा आणा. जळण, उजेड, तेल व बियाणे सर्व बाहेरचे, म्हणून शून्य. एकूण चार आणे. ज्या घरी भात पिकते, ते घर चार आण्यांचे! ही गोष्ट पुष्कळांस आश्चर्याची वाटेल, परंतु आपल्या भागात असे घर विरळा नाही. आता एकेक सदर घेऊन ते किती वाढविता येते ते पाहू.

धान्य आणि बियाणे

माणशी रोज 300 ग्रॅम तांदूळ धरला तर पाच माणसांस वर्षास सुमारे 550 किलो तांदूळ लागतो. भात भरडून शंभरास पासष्ट तांदूळ उतरतो असे धरल्यास 850 किलो भात हवे. साधारण शेतात गुंठ्यास 25 ते 30 किलो भात येते. म्हणजे तीस गुंठ्यांच्या आसपास पाच माणसांचे वर्षाचे पोट भरते. हेक्टरी 40 क्विंटल उतारा आणला तर तेच काम एकवीस-बावीस गुंठ्यांत होऊन उरलेली जमीन दुसऱ्या पिकास मोकळी होते.

उतारा वाढविण्यासाठी डॉ. ना. कृ. सावंत यांनी प्रसारात आणलेली चारसूत्री पद्धत कोकणात पुष्कळ ठिकाणी चांगली लागू पडलेली आहे. तिची सूत्रे अशी : भाताचे अवशेष, म्हणजे तुसाची राख व पेंढा, शेतात परत देणे, गिरिपुष्पाचा हिरवा पाला गुंठ्यास सुमारे 30 किलो चिखलणीपूर्वी गाडणे, नियंत्रित अंतरावर लावणी करणे, आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या चिखलात खोचणे. यांपैकी पहिल्या तीन सूत्रांस पैसा लागत नाही, मेहनत लागते. गिरिपुष्प बांधावर एकदा लावले की वर्षानुवर्षे पाला देते.

खाडीकाठच्या खारजमिनीचा विचार वेगळा. तेथे पूर्वी काळा रता, भुरा रता या लाल तांदळाच्या जाती चालत. पनवेल येथील खारभूमी संशोधन केंद्रातून पुढे पनवेल 1, पनवेल 2 व पनवेल 3 या खार सोसणाऱ्या जाती निघाल्या. आपल्या शिवाराच्या नावाने ओळखले जाणारे बी आपल्याच घरी नसावे, हे शोभत नाही.

बियाण्याचे सदर शून्यावरून दोन आण्यांवर नेणे सर्वांत सोपे व सर्वांत स्वस्त आहे. मात्र संकरित वाणाचे बी घरी धरू नये, कारण दुसऱ्या वर्षी पीक सारखे येत नाही. सुधारित किंवा जुन्या सरळ जातीचे बी धरावे. शेताच्या मधोमध असलेल्या निरोगी व भरदार लोंब्या उभ्या पिकातूनच निवडाव्यात, वेगळ्या झोडाव्यात, चांगल्या वाळवाव्यात आणि कोरड्या भांड्यात वा कणगीत ठेवाव्यात. पेरणीपूर्वी दहा लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी टाकावे. जे तरंगेल ते काढून टाकावे आणि तळाशी बसलेले बी दोन वेळा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत सुकवावे. शंभर दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवून किती रुजतात ते मोजले म्हणजे बी विश्वासाचे आहे की नाही हे पेरणीच्या आधीच कळते. तीस गुंठ्यांस लावणीच्या पद्धतीने पंधरा किलो बी पुरते.

पाणी

आपल्या भागात वर्षास सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो, आणि वैशाखात आपल्याच बायका हंडा घेऊन टँकरची वाट पाहतात. याइतकी लाजिरवाणी विसंगती दुसरी नाही. जुन्या पनवेलकरांस ही गोष्ट कळत होती. वडाळे, कृष्णाळे, देवाळे, विश्राळे ही शहरातील तळी त्याचीच साक्ष आहेत.

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला तर एक लिटर पाणी मिळते. पाचशे चौरस फूट म्हणजे सुमारे 45 चौरस मीटर. त्यावर वर्षात 1,35,000 लिटर पाणी पडते; पाचवा हिस्सा उडून, सांडून गेला तरी 1,08,000 लिटर उरते. आता गरज पाहा. पिण्यास व स्वयंपाकास माणशी रोज 10 लिटर धरले तर पाच माणसांस ऑक्टोबरपासून मेअखेरपर्यंतच्या 240 दिवसांत 12,000 लिटर लागतात. म्हणजे छपरावर जे पडते त्याचा नववा भाग साठविला तरी पिण्याच्या पाण्याची चिंता मिटते. तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद व दोन मीटर खोल हौदात एवढे पाणी मावते, आणि ज्या दिवशी 100 मिलिमीटर पाऊस होतो असे चार दिवस तो हौद भरण्यास पुरतात.

काळजी एवढीच घ्यावयाची. पहिल्या दोन-चार सरींचे पाणी हौदात घेऊ नये, त्याबरोबर छपरावरील धूळ व विष्ठा येते. हौद मेमध्ये घासून धुवावा. पन्हाळीच्या तोंडाशी वाळू-खडीची गाळणी असावी. जून-जुलैचे पाणी वापरत राहावे आणि शेवटचा भरणा ऑगस्ट-सप्टेंबरच्या स्वच्छ पावसाने करावा. हौद पूर्ण झाकलेला, उजेड व डास आत न जाणारा असावा. छप्पर कौलारू किंवा साध्या पत्र्याचे असल्यास ठीक. सिमेंटचे जुने ॲस्बेस्टॉस पत्रे असल्यास ते पाणी पिण्यास घेऊ नये. पिण्यापूर्वी उकळणे किंवा क्लोरिनचे औषध टाकणे चांगले. हौद भरून वाहणारे पाणी ओहोळात न सोडता विहिरीजवळील शोषखड्ड्यात सोडावे.

जळण आणि खत

ही दोन सदरे गोठ्यात एकत्र येतात. शेणाच्या गोवऱ्या लावून चुलीत घातल्या म्हणजे जळण मिळते, परंतु खत राख होते. शेण उकिरड्यात घातले म्हणजे खत मिळते, परंतु जळण राहत नाही. गोबरगॅसची युक्ती अशी की, एकाच शेणातून दोन्ही मिळतात. ही कल्पना आपल्या मुलखास नवी नाही. मुंबईत माटुंगा येथील महारोग्यांच्या आश्रमात 1897 साली मैल्यापासून गॅस करून तो दिव्यास वापरल्याची नोंद आढळते. स्वातंत्र्यानंतर खादी व ग्रामोद्योग आयोगाने तरंगत्या टाकीचे यंत्र खेडोपाडी नेले, आणि 1984 च्या सुमारास विटांच्या घुमटाचे दीनबंधू यंत्र आले, त्यात लोखंड गंजण्याची भीती राहिली नाही.

एका जनावराचे रोज सुमारे 10 किलो शेण हाती येते असे धरावे. 25 किलो शेणापासून साधारण एक घनमीटर गॅस होतो, आणि एक घनमीटर गॅस स्वयंपाकाच्या टाकीतील 450 ग्रॅम गॅसच्या बरोबरीचा आहे. म्हणजे रोज एक घनमीटर गॅस निघाला तर महिन्यास जवळजवळ एक टाकी वाचते. आपल्या कल्पित घरात दोन जनावरे आहेत. त्यांच्या 20 किलो शेणावर घराची तीन-चतुर्थांश गरज भागते, म्हणून दीड आणा. ज्यांच्याकडे गुरे नाहीत त्यांस उष्टे-खरकटे, नासकी फळे, पिठाची धुवण यांवर चालणारे लहान यंत्रही आता उपलब्ध आहे. पुण्याच्या 'आरती' या संस्थेने, म्हणजे डॉ. आनंद कर्वे यांनी 1996 साली स्थापिलेल्या समुचित तंत्रज्ञानाच्या संस्थेने, अशा यंत्राचा प्रसार केला व त्याबद्दल तिला 2006 साली ॲश्डेन पारितोषिक मिळाले.

यंत्र बसविताना आपल्या भागात एक गोष्ट विशेष पाहावी. पावसाळ्यात भूजल वर येते; सखल जागी खड्डा केल्यास पाणी आत शिरते किंवा बांधकाम उचलले जाते. म्हणून जागा उंचवट्याची, ऊन लागणारी, गोठ्याजवळची आणि विहिरीपासून किमान पंधरा मीटर दूर असावी. शेण व पाणी समभाग कालवावे. आरंभीचा गॅस बहुधा पेटत नाही. तो सोडून द्यावा. नळीचे सांधे साबणाच्या पाण्याने तपासावेत. बाहेर पडणारा राडा हे उत्तम खत आहे. तो परसातील झाडांस थेट द्यावा, किंवा पालापाचोळ्यावर टाकून कुजवावा. तण व माशी दोन्ही त्यामुळे कमी होतात.

उजेड

सूर्यापासून वीज घेण्याचा मार्ग आता सामान्य माणसाच्या आवाक्यात आला आहे, परंतु या सदरात उत्साहापेक्षा हिशेब अधिक हवा. नऊ वॅटचे चार दिवे पाच तास, तीस वॅटचे दोन पंखे आठ तास आणि फोन भरण्यास थोडी वीज, एवढ्यास रोज सुमारे 700 वॅट-तास, म्हणजे पाऊण युनिटाहूनही कमी वीज लागते. तीनशे वॅटचा एक पट्टा स्वच्छ उन्हात दिवसास एक युनिटाहून थोडी अधिक वीज देतो. आठ महिने हे उत्तम चालते. आषाढ-श्रावणात मात्र ढगांमुळे उत्पन्न फार घटते. शिवाय बॅटरी चार-पाच वर्षांनी बदलावी लागते. ऊन फुकट असले तरी बॅटरी हा त्याचा सारा आहे आणि तो चुकत नाही. पंप, शीतकपाट, पिठाची चक्की या गोष्टी एवढ्या लहान योजनेवर चालणार नाहीत.

म्हणून सल्ला असा की, वीजमंडळाची तार तोडण्याची घाई करू नये. ज्यांचे छप्पर मजबूत आहे त्यांनी तारेशी जोडलेली योजना पाहावी. 2024 साली सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत अशा जोडणीस केंद्राचे अनुदान ठेवलेले आहे. मात्र निव्वळ तारेशी जोडलेली योजना गावची वीज गेली असता बंद पडते, हे ध्यानात ठेवावे. ज्या वाड्यांवर वीज वारंवार जाते तेथे दिवे व पंखे यांपुरता लहान पट्टा व बॅटरी ठेवणे पुरेसे आहे. या सदरास एक आणाच द्यावा आणि समाधान मानावे.

परसू व तेल

दोन गुंठे परसू योग्य राखले तर पाच माणसांच्या भाजीची बहुतेक गरज भागते. न्हाणीच्या पाण्यावर केळ व अळू. कुंपणास शेवगा व कढीपत्ता. पावसाळ्यात मांडवावर पडवळ, दोडका, काकडी. जमिनीत सुरण व कणगर. थंडीत मुळा, माठ, वांगी, मिरची. भात निघाल्यावर जमिनीतील ओलीवर वाल टाकावा. त्यास वेगळे पाणी लागत नाही, तो जमिनीस नत्र देतो, आणि वालाच्या शेंगांची पोपटी हा आपल्या भागाचा थंडीतला आनंद आहे तो वेगळाच. श्री. अ. दाभोळकर यांच्या प्रयोग परिवाराने दहा गुंठ्यांत कुटुंबाचा निर्वाह कसा होईल याचा शास्त्रीय विचार महाराष्ट्रापुढे मांडला. पान किती ऊन पकडते यावर उत्पन्न अवलंबून आहे, हे त्यांचे सांगणे परसूवाल्याने ध्यानात धरावे व हातभर जागाही उघडी ठेवू नये.

तेलाचे सदर मात्र घरी भरत नाही. चार नारळ असले तर अर्धा आणा धरावा. येथे घराची हद्द संपून गावाची सुरू होते.

गावाचे काम

आता आपल्या कल्पित घराची बेरीज पुन्हा करू. धान्य 2, पाणी 2, जळण दीड, उजेड 1, भाजी दीड, तेल अर्धा, खत दीड, बियाणे 2. एकूण बारा आणे. चार आण्यांचे घर तीन-चार वर्षांत बारा आण्यांवर येऊ शकते. उरलेल्या चार आण्यांच्या मागे एकट्याने लागणे व्यर्थ आहे. मीठ, लोखंड, औषध, कापड आणि मुलांचे शिक्षण ही सदरे तर आपण धरलीच नाहीत. ज्यास सर्वच घरी करावयाचे आहे तो थोड्याच दिवसांत थकतो.

पुष्कळदा जुन्या काळच्या स्वयंपूर्ण खेड्याचे गोडवे गायिले जातात. त्या खेड्यात धान्य व घाणा होता, तसा सावकार व खोतही होता. अलिबाग तालुक्यातील चरी येथील कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली 1933 पासून 1939 पर्यंत खोतांच्या जमिनी न कसण्याचा संप का केला, याचे स्मरण ठेवावे. पिकविणाऱ्याच्या घरी पीक राहत नसेल तर खेडे स्वयंपूर्ण असून त्यास काय लाभ? तेव्हा आपल्यास हवी ती जुनी व्यवस्था नव्हे; मोकळ्या माणसांनी ठरवून केलेले सहकार्य हवे.

असे सहकार्य आपल्या तालुक्यात दूर शोधावयास नको. मुंबई-गोवा रस्त्यावर कर्नाळ्याच्या पलीकडे तारा गावी युसुफ मेहरअली केंद्र आहे. स्वातंत्र्यसैनिक व मुंबईचे महापौर युसुफ मेहरअली यांच्या स्मरणार्थ 1961 साली ही संस्था स्थापन झाली. डॉ. जी. जी. पारीख यांनी आयुष्यभर ती सांभाळली. 2025 च्या 2 ऑक्टोबरला, वयाच्या शंभरीत, त्यांचे निधन झाले. दवाखान्यापासून सुरू झालेले तेथील काम पुढे शाळा, तेलघाणी, साबण, मातीकाम अशा ग्रामोद्योगांपर्यंत गेले. एका घरास घाणा परवडत नाही, गावास परवडतो. हे तेथे जाऊन डोळ्यांनी पाहण्यासारखे आहे.

दुसरे उदाहरण खारबंदिस्तीचे. समुद्राकडचा मोठा बांध व त्याची उघाडी राखण्याची जबाबदारी पूर्वी शिलोत्रीदारांवर असे आणि त्यासाठी शेतकऱ्यांकडून भाताचा ठरावीक हिस्सा घेतला जाई. 1948 च्या खारजमीन कायद्यापासून हे काम सरकारी व्यवस्थेकडे येत गेले. व्यवस्था कोणाचीही असो, तत्त्व एकच : बांध फुटला म्हणजे उद्योगी व आळशी दोघांचेही शेत एकाच भरतीस खारे होते, आणि पुढील काही पावसाळे ते धुऊन निघण्यात जातात. घराचे बारा आणेही अशा बांधाच्या आधारानेच टिकतात.

प्रारंभ कसा करावा

सर्व एकदम करू नये. क्रम असा ठेवावा : पहिल्या वर्षी बियाणे, परसू व गिरिपुष्प, कारण त्यांस खर्च जवळजवळ नाही. दुसऱ्या वर्षी हौद, कारण पाण्याचा त्रास सर्वांत मोठा. तिसऱ्या वर्षी गोबरगॅस, कारण तोपर्यंत परसातील चारा व बांधावरचे गवत यांनी गुरे टिकविण्याची सोय झालेली असते. उजेडाचे सदर शेवटी. दरवर्षी अक्षय्य तृतीयेस घरातील सर्वांनी बसून आठही सदरांपुढे आणे मांडावेत व ती वही सातबाराच्या उताऱ्याशेजारी ठेवावी. हे मांडताना घरातील स्त्रियांस अवश्य विचारावे. पाणी, जळण व भाजी या तीन सदरांचा खरा हिशेब त्यांनाच ठाऊक असतो.

मग कोणी जमिनीचा भाव घेऊन दारी आला तर त्याचा आकडा व आपली वही शेजारी ठेवून पाहावे. उत्तर काय द्यावयाचे हे प्रत्येकाने आपल्या परिस्थितीप्रमाणे ठरवावे. परंतु सातबारा गुंठे सांगतो, त्या गुंठ्यांवर घराचे किती आणे उभे आहेत हे सांगत नाही. तो आकडा आपला आपणच काढला पाहिजे.